सिम्समधली पोरं रात्री घरातून सटकतात: कुठल्या भागात खरी धाकधूक?

रातकिडा_शहापूर

मंडळी, सिम्स ह्या कॉम्प्युटर गेममध्ये एक घर बांधायला घेतलंय. बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीतलं जुनं कौलारू घर. पुढं सोपा, मग माजघर, बाजूला सैपाकघर, मागं न्हाणी आणि परडं. माणसं सहा: आजी, आजोबा, आई, बाबा, एसएसएलसीला (दहावीला) असलेली मुलगी आणि सेकंड पीयूसीतला (बारावीतला) मुलगा. एका कुटुंबात आठ सिम मावतात, त्यामुळं जागा आहे.

खेळायचं काय, तर ह्या दोघांचं रात्री गुपचूप बाहेर सटकणं. पण नुसतं बाहेर जाणं नको, पकडले जायची भीती हवी. चौथ्या भागाच्या नुसत्या बेस गेममध्ये, म्हणजे जादा पॅक न घेता मिळणाऱ्या मूळ खेळात, ती भीतीच नाही. पोराला रात्री दोनला कुठंही धाडा, घरात कुणी "कुठं चाललास?" म्हणून विचारत नाही.

दुसरा, तिसरा, चौथा, तिन्ही माझ्याकडं आहेत. हे घर कुठल्यात बसवू?

---

टिळकवाडी_सेकंडगेट

दुसरा. डोळे झाकून दुसरा.

२००४ चा खेळ आहे, चित्रं आता जुनाट वाटतील, पण सटकण्याचा विचार ह्यांनीच नीट केला होता. पोरानं मित्राला फोन लावायचा. गाडी दारात येऊन थांबते आणि पोरगं चवड्यांवर पावलं टाकत निघतं. त्या वाटेवर घरातलं मोठं माणूस जागं असलं आणि त्याच्या नजरेला पडलं की संपलं, तिथंच उभं करून झाडतात.

माझ्या मते खरी गंमत त्याच्या पुढं आहे. गाडी निघून गेली की पोरगं पडद्यावरनं गायब. कुठं गेलं, कुणाबरोबर गेलं, काही दिसत नाही. तुम्ही मात्र घरातच. दिवे बंद, आई-बाप झोपलेले, आणि तुम्ही घड्याळ बघत बसलेले. पोराचा खेळ खेळायला बसलेल्या माणसाला हा खेळ न सांगता बापाच्या जागी नेऊन बसवतो. पुढच्या भागांनी हेच घालवलं.

---

निपाणकर

आरं मर्दा, पोरगंच दिसत न्हाई तर खेळायचं काय, भिंती बघत बसायचं व्हय?

तिसरा घे. अख्खं गाव एकसलग उघडं. पोरगं घरातनं निघालं की त्याच्या मागोमाग तुम्हीबी निघायचं, मधी कुठं लोडिंग न्हाई. आन् रात्री अकराला कर्फ्यू. त्यानंतर लहान पोरगं नाहीतर टीनेजर बाहेर दिसलं की पोलीस येतोय, गाडीत घालून घरी आणून सोडतोय, आन् मग घरात बोलणी. हे सगळं २००९ च्या बेस गेममधीच हाय. २०११ ला जनरेशन्स नावाचं जादा पॅक आलं, त्यात चोरपावलांनी सटकायची वेगळी सोय, आईबापांनी शिक्षा म्हणून घरात बसवणं, लोकांच्या घरावर अंडी फेकणं, असला सगळा वांडपणा आला.

दुसऱ्यात तुम्ही बाप होऊन झुरता. तिसऱ्यात तुम्ही पोरगं होऊन पळता. ज्याला जे आवडंल ते.

---

चिकोडीकर

वाचतोय. माझ्या लॅपटॉपवर तिसरा उघडायलाच इतका वेळ घेतो की तोवर माझाच कर्फ्यू सुरू होतो.

---

शहापूरची_सून

चौथ्याला इतकंही झोडू नका. बेस गेम १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट झालाय, त्यामुळं आताची कॉलेजची पोरं चौथाच खेळतात. दुसरा-तिसरा आपल्यासारख्या जुन्या खोडांचा.

रातकिडा, तुला जे हवंय ते चौथ्यात आहे, फक्त विकत घ्यावं लागतं. २०१७ च्या पेरेंटहुड पॅकमध्ये भिंतीवर टांगायचा एक बुलेटिन बोर्ड येतो. त्यावरून घराचा कर्फ्यू ठरवता येतो. पोरांनी मोडला की आई-बाप कान उपटू शकतात. पण त्या पॅकमधलं मला आवडतं ते वेगळंच. प्रत्येक पोराची पाच मापं चालू असतात: जबाबदारी, शिष्टाचार, दुसऱ्याचं दुःख समजणं, भांडण मिटवणं आणि रागालोभावर ताबा. पोर मोठं होतं तेव्हा ही मापं जिथं असतील त्याप्रमाणं त्याला एकेक स्वभाव कायमचा चिकटतो. म्हणजे पोरगं आज रात्री सापडलं नाही तरी हिशोब कुठंतरी लिहिला जातोच.

जुलै २०२२ ला हायस्कूल इयर्स पॅक आलं. कॉपरडेल नावाचं गाव, शाळेत स्वतः जाऊन बसायचं, प्रॉमचा नाच, खोड्या, आणि रात्री घरातून सटकणंही. पण खरं सांगू? तिथं सटकणं म्हणजे सहलीला गेल्यासारखं वाटतं. भीती पेरेंटहुडमुळं येते. दोन्ही एकत्र असले तर जमून येतं, नुसत्या हायस्कूल इयर्सवर पैसे घालू नकोस.

---

खानापुरी

एक हिशोब सांगतो बे. ह्या सगळ्या भागांत साध्या वेगानं आपला एक सेकंद म्हणजे त्यांचं एक मिनिट. अख्खा दिवस २४ मिनिटांत संपतो. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत सहा तास, म्हणजे आपली सहा मिनिटं. तेवढ्या वेळात पोरगं घरातनं निघणार, कुणाला तरी भेटणार, पोलिसाला चुकवणार आणि परत येऊन पांघरूण ओढणार. ह्यात धाकधूक व्हायची तर कधी?

आणि खरी धाकधूक हवी असंल तर आमच्याकडं तालुक्यात येऊन खेळ. मधी सेव्ह केलं नसंल तर सगळं गेलं. पोरगं अर्ध्या वाटेवर, मागं पोलिसाची गाडी, आणि करंट गेला! पंखा बंद, स्क्रीन काळी, आणि पोरगं परत संध्याकाळी सहाला घरात अभ्यास करत बसलेलं. यूपीएस नसलेल्या माणसाला सिम्समध्ये कुणी पकडूच शकत नाही.

---

रातकिडा_शहापूर

हाहाहा. खानापुरी, माझ्याकडं यूपीएस आहे, पण त्याचा आवाज इतका मोठा की आमची खरी आई उठते.

तूर्त तिसरा विरुद्ध चौथा-अधिक-पेरेंटहुड असा सामना दिसतोय. पण मला अजून काहीतरी कमी वाटतंय आणि ते नेमकं काय ते सांगता येईना. आई-बाप आहेत, पोलीस आहेत, कर्फ्यू आहे. तरी हे घर शहापुरातलं वाटत नाही.

---

वडगावचा_विणकर

मी सांगतो काय कमी आहे. गल्ली.

कुठलाही भाग घ्या, पकडणारे फार तर दोनच, एक घरचे आणि दुसरे पोलीस. आमच्या लहानपणी ह्या दोघांनी कुणाला पकडल्याचं मला आठवत नाही. पकडायची ती गल्ली.

आमची वडगावातली गल्ली मागवाल्यांची. घराघरांतनं साड्यांचे माग, आणि बऱ्याच घरांत रात्रीपण चालू. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्या खटखटाटात ह्यांना झोप कशी लागते. उलट होतं. माग चालू असला की सगळं घर गाढ झोपायचं आणि माग थांबला की म्हातारी माणसं उठून बसायची, "काय झालं रे, धागा तुटला काय?" म्हणून. त्यामुळं पोरांचा नियम ठरलेला: कडी काढायची ती माग चालू असतानाच. शेजारचा माग थांबला की जिथं आहेस तिथं उभा राहा. हे शिकवायला कुणी नव्हतं, थोरल्यांचं बघून धाकटे शिकायचे.

बाहेर पडणं सोपं होतं. अवघड होतं परत येणं, कारण पाणी. तेव्हा आमच्याकडं नळाला पाणी रोज नसायचं, आणि सुटायचं तेव्हा त्याला वेळकाळ नसायचा. पहाटे तीनलासुद्धा. कुणीतरी "पाणी आलं गे" म्हणून हाळी द्यायचं की पाच मिनिटांत अख्खी गल्ली घागरी घेऊन रस्त्यावर. तुम्ही कॅम्पातनं रात्रीचा सिनेमा बघून, गप्पा हाणून दबकत येताय आणि वळणावर बघताय तर सगळ्या काकू, मावश्या, आज्ज्या नळापाशी हजर.

आमचा एक मित्र ह्यातनं एकदा सुटला. कोपऱ्यावरच्या घराच्या कट्ट्यावर एक रिकामी घागर होती, ती त्यानं उचलली, खांद्यावर घेतली आणि सरळ रांगेत जाऊन उभा राहिला. आईनं बघितलं, तर पोरगं न सांगता पाण्याला उठलेलं! तिला भरून आलं. दुसऱ्या दिवशी त्याला कुंदा मिळाला. घागर ज्यांची होती त्या काकूंनी मात्र ओळखलं. त्या तिथं काही बोलल्या नाहीत, पण पुढं वर्षभर त्यांचं दळण तोच आणत होता.

आता सांगा, ह्यातलं काय आहे तुमच्या सिम्समध्ये? शेजारचा सिम दारात येतो, बेल वाजवतो, हात हलवतो आणि निघून जातो. बघितलेलं पोटात ठेवून वेळ आली की बाहेर काढणारा शेजारी त्यांना करताच आला नाही.

---

टिळकवाडी_सेकंडगेट

घागर!! अण्णा, हे वेगळं लिहून काढा.

आमच्या टिळकवाडीत बंगले, कंपाउंड, त्यामुळं गल्लीचा त्रास कमी. आमची भिस्त रेल्वे गेटवर. "गेट पडलं होतं" एवढं सांगितलं की वीस मिनिटं माफ. मालगाडी म्हटलं की अर्धा तास. आमच्या बाबांनी एकदा वेळापत्रक काढलं, तेव्हापासून बंद.

---

चिकोडीकर

अवांतर: सिम्समधली माणसं सिमलिश बोलतात, पाट्यापण त्यांच्याच अक्षरांत. गावात एवढी दुकानं, पण पाटी कुठल्या भाषेत ह्यावरनं भांडण नाही. ह्या एका कारणासाठी मी तिथं राहायला तयार आहे.

---

निपाणकर

चिकोडीकर, मूळ विषयाला धरून राहा. न्हाईतर धाग्याला कुलूप लागंल.

(पण हसलो.)

---

येळ्ळूरचा_बापू

विणकर अण्णांना अनुमोदन. त्यात माझी थोडी भर.

आमच्याकडं पोरांना चोरून जायची गरज वर्षातले बरेच दिवस पडतच नाही, कारण परवाने असतात. बेळगावातल्या शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात, चित्ररथ रात्रभर चालतात. येळ्ळुरातनं, आजूबाजूच्या सगळ्या गावांतनं पोरं जातात आणि उजाडल्यावर येतात, कोण विचारतंय? गणपतीत शेवटच्या चार-पाच रात्री शहरातले देखावे बघायला बायकापोरं सगळी बाहेर. गावात पारायण असलं की हरिजागर. आणि नवरात्रात दुर्गामाता दौड, त्याला तर पहाटे अंधारात घर सोडायचं. निपाणकर म्हणतो तो कर्फ्यू पाचला उठत असंल तर आमची पोरं त्याच्या आधीच फेटा बांधून चौकात उभी.

म्हणजे आमच्यातली खरी कला दारातनं निसटायची नव्हती. "जागराला जातो" म्हणून राजरोस निघायचं आणि टाळ वाजायला लागले की मागच्या मागं दुसरीकडं जायचं, ही. परत येताना बुक्का लावून यायचा, नाहीतर जागर कुठं केलास म्हणून विचारतील.

हे चौथ्या भागात बसवता येतं. सीझन्स पॅकमध्ये (२०१८) कॅलेंडर आहे, स्वतःचा सण तयार करता येतो. नाव द्यायचं, परंपरा निवडायच्या, शाळेला सुट्टी ठेवायची का तेही ठरवता येतं. एक सण "शिवजयंती" नावाचा करायचा आणि त्या दिवशी बोर्डावरचा कर्फ्यू हातानं काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी परत लावायचा. ह्या उघड्या रात्रीमुळं बाकीच्या रात्री बंद वाटायला लागतात. सगळ्याच रात्री सारख्या असल्या तर मजा येत नाही.

---

रातकिडा_शहापूर

बापूदादा, हे भारी आहे. सणाची कल्पना डोक्यात आलीच नव्हती.

---

मधली_लेक

बापूदादा, तुमचे परवाने वाचून छान वाटलं. ते पोरांचे होते.

दौडीला मुली खूप असतात, माहिती आहे, मीपण गेलेय. पण आईबरोबर. देखावे बघायला गेले ते सगळ्या घराबरोबर, काकाच्या गाडीत. "जागराला जातो" हे वाक्य मला कधी म्हणताच आलं नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न यायचा, "कुणाबरोबर, आणि आणून कोण सोडणार?" माझा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याला ह्यातलं काहीही विचारलं गेलं नाही.

मी सिम्सकडं ओढले गेले ते नेमकं ह्याच्यामुळं. तिथं मुलगा असो की मुलगी, कर्फ्यू एकच, पोलीस एकच, बोलणीपण तीच. तिसऱ्या भागात माझी पहिली टीनेजर मुलगी रात्री बाराला बागेत गेली, काही केलं नाही, बाकावर बसली. पोलिसानं आणून सोडली. बापानं तिला जे सुनावलं तेच तिच्या भावालाही सुनावलं होतं. मला इतकं बरं वाटलं ना, की त्या रात्री मी तिला परत बाहेर पाठवली. परत पकडली गेली. परत तेवढंच ऐकून घेतलं, वर एक शब्द नाही.

रातकिडा, तू बेळगावचं घर करतोयस, आणि तुझ्या घरात एक मुलगी आहे. आता तू ठरव. खेळ जसा आहे तसा ठेवलास तर दोघांना एकच नियम, आणि मग ते घर आमच्या घरासारखं नाही. फरक घालायचा असेल तर तो तुला स्वतःच्या हातानं घालावा लागेल, मुलीला शिक्षा करायची आणि मुलाला सोडून द्यायचं. खेळ तुला त्यात अडवणार नाही, मदतपण करणार नाही. करून बघ, आणि करताना कसं वाटतं ते इथं लिही.

---

शहापूरची_सून

+१ आणि अजून दहा वेळा +१.

---

वडगावचा_विणकर

ताई, बरोबर आहे. घागरीची गोष्ट माझ्या बहिणीच्या नावावर कधीच झाली नसती.

---

एक_बाप_हिंदवाडी

नमस्कार. मी हे खेळ खेळत नाही. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, चौथा भाग खेळते, म्हणून शोधत शोधत इथं आलो. तुमचं सगळं वाचून हसलोही आणि जरा घाबरलोही. रात्री घरातून कसं निसटायचं ह्याची इतकी बारीक चर्चा! खेळात हे सगळं करून मुलं खरोखर तसं वागायला शिकतात का?

---

शहापूरची_सून

काका, नमस्कार. खेळावर टीन असा शिक्का आहे, म्हणजे तेरा वर्षांपुढच्यांसाठी, तेव्हा तिचं वय बसतंय.

निसटायला शिकायला पोरांना खेळ लागत नाही, वरची घागर बघा. आणि खेळात फुकट काहीच मिळत नाही. रात्री जागलेलं पोरगं सकाळी झोपेनं पडतं, शाळेची बस निघून जाते, गृहपाठ राहतो, मार्क घसरतात. दुसऱ्या भागात तर नापासाच्या श्रेणीत अडकलेल्या पोराला समाजसेविका घरी येऊन घेऊनच जाते. आई-बाप रडत दारात. इतकं कडक तर आमच्या शाळेचे हेडसरपण नव्हते.

तिच्या शेजारी बसून एकदा खेळून बघा. काही विचारू नका, फक्त बघा.

---

टिळकवाडी_सेकंडगेट

काकांनी दुसरा भागच खेळावा. पोरगं गाडीत बसून गेल्यावर मागं घरात जे उरतं ना, ते काकांना न सांगता कळेल. तिच्याबरोबर खेळायचं असेल तर मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, पंचविसाव्या वाढदिवसाला कंपनीनं पहिला आणि दुसरा भाग नव्या कॉम्प्युटरवर चालेल असा परत काढलाय.

---

एक_बाप_हिंदवाडी

बसलो शेजारी. काही विचारायचं नाही म्हटलं होतं, विचारलं नाही.

तिनं आमचंच घर केलंय. मी आहे, तिची आई आहे, आजी आहे. आमच्या भाच्याकडनं तिसरा भाग आणलाय, कारण त्यात माणसांचे स्वभाव जास्त निवडता येतात म्हणे. माझ्या पात्राच्या स्वभावात पहिलाच गुण घातलाय, गाढ झोपणारा. रात्री मी पडद्यावर घोरत असतो. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "आई म्हणते तेच घातलं."

---

निपाणकर

काका, तुमच्या पोरीनं धाग्याचं उत्तर दिलं! रातकिडा, ऐक.

तिसऱ्यात मोठ्या माणसाला पाच स्वभाव देता येतात, टीनेजरला चार. त्यात एक हाय गाढ झोपेचा, आन् त्याच्या उलट सावध झोपेचा. सावध झोपेवाला बारीक आवाजानं उठतोय, रात्रभर कूस बदलत राहतोय. आता तुझ्या घरात बाबाला दे गाढ झोप. आजीला दे सावध. झाली तुझी गल्ली तयार. विणकर अण्णांची अख्खी गल्ली न्हाई येणार, पण तिच्यातली एक म्हातारी तर आली?

पोरांना जनरेशन्समधला बंडखोर स्वभाव दे. आन् सैपाकघरात एक रेडिओ ठेव. सटकायच्या आधी पोरं जर तो चालू ठेवून विसरली, तर बघ काय होतंय.

---

खानापुरी

रेडिओच्या जागी माग ठेवायला पाहिजे होता. पण सिम्समध्ये माग कुठनं आणणार.

---

रातकिडा_शहापूर

घर तिसऱ्यात बसवलं. शिवजयंती त्यात नाही म्हणून वाईट वाटतंय, पण आजीसाठी तेवढं सोडलं.

पहिल्या रात्री मुलगा निघाला. पुढं सोप्यात आजोबा, म्हणून मागच्या बाजूनं. बाबा घोरत होते, आईला जाग नाही. पोरगं गेलं ते सरळ जिमला. म्हणजे मीच पाठवलं, कारण गावात रात्री कुठं जायचं ते मलाच सुचेना. साडेबाराला पोलीस. घरी आणलं, आईनं दारात घेतलं.

मग मुलगी. ती पकडली गेलीच नाही. बागेत गेली, मैत्रीण आलेली, दोघी गप्पा मारत बसल्या, चारला घरात. मधल्या_लेकताई, तुम्ही सांगितलं होतं तसं दोघांना वेगळी शिक्षा करून बघणार होतो. पण पकडला गेला तो मुलगा. त्याला आईनं झाडलं आणि मी पुढं काहीच केलं नाही, सोडून दिलं. मुलगी असती तर घरात बसवली असती का? त्या वेळी डोक्यात हा हिशोब आलाच नाही, सोडून देणं आपसूक झालं. ते नंतर लक्षात आलं.

---

मधली_लेक

आपसूकच होतं ते. आमच्याकडंही कुणी ठरवून करत नव्हतं.

मुलगी सुटली हे बरं झालं. अजून थोडे दिवस सुटू दे.

---

येळ्ळूरचा_बापू

पोरगं रात्री बाराला जिमला? हे तरी आमच्या गावात चाललं असतं, आमच्याकडं तालमीत जातो म्हटलं की कोण अडवत नाही.

---

एक_बाप_हिंदवाडी

मुलीनं तुमचा धागा वाचला (मी दाखवला). तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत देतो: "पुढं सोप्यात आजोबा झोपतात तर मागं परड्यात जायला दार कुठनं दिलंय?"

---

रातकिडा_शहापूर

न्हाणीतून. जुन्या घरात तसंच असायचं ना.

---

शहापूरची_सून

म्हणजे परड्यात जायचं तर न्हाणीतूनच जायचं? आणि न्हाणीला लागूनच संडास?

---

रातकिडा_शहापूर

हो. घरात तो एकच.

---

निपाणकर

मग आजी सावध झोपेची असो नसो, तिला रात्री लागली की उठून तिकडंच येणार. गरज तळाला गेली की सिम झोपेतनं उठतोयच. पोरं एक दिवस दारातच गावतील. दुसरा संडास बांध, माजघराकडनं.

---

मधली_लेक

काही बांधू नकोस. तसंच ठेव.